खेळाला शिव्या, जुगाराला टाळ्या

मराठीत 'खेळ' आणि 'जुगार' हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूतही 'खेल' वेगळा आणि 'जुआ' वेगळा. मी शाळेत या दोन्ही भाषा शिकवतो. हा फरक पाचवीच्या पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. पण मोबाइल हातात आला आणि दोन्ही गोष्टींवर एकच पाटी लागली: गेमिंग. रमीवर पैसे लावणारा गेमिंग करतो, क्रिकेटच्या टीमवर ४९ रुपये लावणारा गेमिंग करतो आणि मित्रांसोबत मोबाइलवर फुटबॉलचा सामना खेळणारा आठवीतला मुलगाही गेमिंगच करतो. या एका पाटीचा फायदा कुणाला झाला, याचा हिशेब मांडायला हवा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. गेली आठ-दहा वर्षं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी, पालकसभांनी आणि जुम्म्याच्या बयानांनी खेळाला शिव्या घातल्या. त्याच काळात जुगार खेळाचे कपडे घालून टीव्हीवर, क्रिकेटच्या मैदानात आणि आपल्या घरात आला. त्याला मात्र टाळ्या मिळाल्या.

मी स्वतः गेम खेळतो. चाळिशी ओलांडलेला, बी.एड. झालेला, कशेडीसारख्या घाटातल्या गावात राहणारा मास्तर रात्री जेवण झाल्यावर तासभर गेम खेळतो, हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. खेळणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी बाहेरून ओरडणाऱ्याला कळत नाही: कोणता गेम आपल्याला खेळवतो आणि कोणता आपला खिसा चाचपतो.

नव्वदच्या दशकात महाड-खेडसारख्या बाजारगावांत गेमची दुकानं असायची. तिथल्या एका मशीनला सगळी पोरं 'मुस्तफा' म्हणत. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा गेम. त्यातल्या चार नायकांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो, पिवळ्या टोपीवाला. तो चपळ होता, म्हणून हिंदू-मुसलमान सगळ्या पोरांना तोच हवा असायचा आणि भारतभर अख्खा गेम त्याच्याच नावानं ओळखला गेला. बाहेर १९९२-९३ च्या दंगलींची कटुता होती आणि आत दुकानात 'मुस्तफा मी घेणार' यावर भांडणं चालत. खेळाची ताकद काय असते, हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

त्या मशीनचा व्यवहारही सरळ होता. नाणं टाका, ठरावीक जीव मिळतील. हात चांगला असेल तर अर्धा तास खेळाल, नसेल तर दोन मिनिटांत बाहेर. टाकलेलं नाणं परत मिळेल अशी आशा कुणालाच नव्हती. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे कुणी परत मागत नाही, तसंच ते. जुगार इथूनच वेगळा होतो. त्यात माणूस करमणुकीचे पैसे मोजत नाही. गेलेले पैसे दुप्पट होऊन परत येतील या आशेवर तो पुढचे पैसे टाकत जातो.

हा फरक आपल्या कायद्यानं दीडशे वर्षांपूर्वी ओळखला होता आणि तिथंच एक खिडकी उघडी ठेवली होती. १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, दोन्हींत निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिलेली आहे. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा धंदा करणाऱ्या चमारबागवालांच्या खटल्यांत १९५७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जुगार हा काही व्यापार नव्हे, त्याला धंदास्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही. पण ज्या स्पर्धेत कौशल्याचा वाटा मोठा, ती वेगळी. १९६८ साली आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात कोर्टानं रमीला कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं होतं की पैसे लावून चालणाऱ्या या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. रमीच्या ॲपवाल्यांनी यातलं पहिलं वाक्य जाहिरातीला लावलं आणि दुसरं गिळून टाकलं. प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेणारं ॲप म्हणजे तो जागेचा मालकच की!

आता दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी बंदी मोडून पबजी खेळल्याबद्दल कॉलेजच्या पोरांना अटक केली. त्या खेळात कुणी कुणाचा पैसा लावला नव्हता. पुढच्याच महिन्यात, ३० एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं ड्रीम इलेव्हनविरुद्धची याचिका फेटाळली आणि पैसे भरून टीम लावण्याला कौशल्याचा खेळ ठरवलं. न्यायालयाचा निकाल आहे, तो आपण वाचायचा. पण फुकट खेळणारा पोरगा कोठडीत आणि पैसे लावणारा कुशल, हा उलटा न्याय लोकांच्या डोळ्यांत का खुपला नाही?

पुढचं वर्ष घ्या. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं पबजीसह ११८ चिनी ठरवलेल्या ॲपवर बंदी घातली. कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं; पण गावोगावी पालकांनी ती बंदी 'पोरं बिघडवणारा गेम गेला' म्हणून साजरी केली. त्याच महिन्याच्या १९ तारखेला अबुधाबीत आयपीएल सुरू झाली. तिच्या नावाआधी ड्रीम इलेव्हन हे नाव लागलं होतं आणि त्यासाठी २२२ कोटी रुपये मोजले होते. जुलै २०२३ पासून तेच नाव भारतीय संघाच्या छातीवर आलं. ज्या घरांनी पबजी गेल्याचे पेढे वाटले, त्याच घरांत या जर्सीला सलाम झाला.

राजकारणातही हाच गोंधळ दिसला. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं. पद्धत कुणाला पटो वा न पटो, प्रश्न रास्त होता: ज्याच्या नावावर पोरं बॅट हातात घेतात, त्यानं पैशांच्या खेळाची जाहिरात करावी का? लोकांनी प्रश्न सोडला आणि कडूंचा थाट बघितला. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप चित्रफितीसह झाला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेलं बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. खरा धरू. पण मग हा खुलासाच केवढा मोठा पुरावा आहे! राज्याच्या मंत्र्याच्या मोबाइलवर सभागृहात रमी आपोआप येऊन उभी राहते, तर कशेडीतल्या पोराच्या मोबाइलवर काय येत असेल? पुढं त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं मिळालं. यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. या सरकारच्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, पण या कायद्यानं एक काम बरोबर केलं: एका पाटीखालच्या तीन वस्तू वेगळ्या केल्या. ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचा खेळ, वेगळा. करमणुकीचा गेम वेगळा. पैसे लावून पैसे जिंकायचा खेळ वेगळा. आणि त्यावर बंदी, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळून बुडालेल्याला मात्र शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे सामने थांबवले आणि भारतीय संघाच्या छातीवरचं ते नाव गेलं. दीडशे वर्षं उघडी असलेली ती खिडकी निदान कागदावर बंद झाली.

पण वाचकहो, जुगार एका खिडकीतून बाहेर पडला की दुसरी शोधतो. मुंबईच्या मटक्याचंच बघा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर तो सुरू झाला. ते भाव येणं बंद झालं, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढून चालू राहिला. आजची दुसरी खिडकी आहे गेममधली पेटी.

ओळखीतल्या एका घरातली गोष्ट सांगतो. बाप कुवेतला ड्रायव्हर. घरी आई, आजी आणि नववीतला मुलगा. आईच्या मोबाइलचा यूपीआय पिन मुलाला पाठ, कारण वीजबिलापासून रिचार्जपर्यंत सगळं तोच भरायचा. एका गेममध्ये त्यानं ८०, १६०, ४०० असे करत तीन महिन्यांत साडेसात हजार रुपये घातले. कशासाठी? बंदुकीच्या एका स्किनसाठी, म्हणजे बंदुकीच्या रंगासाठी. तो रंग सरळ विकत मिळत नव्हता. पेटी उघडायची, निघाला तर निघाला, नाही तर पुन्हा उघडायची. घरात कळलं तेव्हा मोबाइल आपटला गेला, मुलाला मार बसला. मामानं निकाल दिला: गेमनं पोरगं वाया घालवलं. हा मामा दर आयपीएलला एका ॲपवर टीम लावायचा. त्याचे किती गेले, हे कुणी विचारलं नाही, कारण तो 'क्रिकेट बघत' होता. एकाच घरात भाचा आणि मामा दोघंही नशीब विकणाऱ्याच्या हाती लागले होते, पण त्यातला एक गुन्हेगार ठरला आणि दुसरा न्यायाधीश झाला.

ही पेटी कशी काम करते, ते नीट समजून घ्या. पहिली पायरी, रुपया लपवायचा. गेममध्ये रुपये नसतात, डायमंड किंवा कसलं तरी नाणं असतं, म्हणजे खर्च होताना दुखत नाही. दुसरी पायरी, हिशेब जुळू द्यायचा नाही. वस्तूची किंमत अशी ठेवायची की थोडे डायमंड उरतात आणि ते वापरायला आणखी घ्यावे लागतात. तिसरी, घाई. ऑफर आज रात्री १२ वाजता संपणार. चौथी, लाज. फुकटचा पोशाख घालणाऱ्याला बाकीची पोरं 'नूब' म्हणून चिडवतात. आणि शेवटी, नशीब. हव्या त्या वस्तूची शक्यता शंभरात एक असेल, तर पोराला वाटतं शंभर पेट्या उघडल्या की ती मिळणारच. गणित वेगळं सांगतं: शंभर पेट्या उघडूनही ती न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के उरते. शाळेत संभाव्यता शिकवायला फासे आणि नाणी घेतात. त्यासोबत ही पेटी घ्या, एकही मुलगा डुलकी घेणार नाही.

बेल्जियमच्या जुगार आयोगानं एप्रिल २०१८ मध्ये फिफासकट काही गेममधल्या विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. चीननं २०१७ पासून पेटीतली शक्यता जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक केलं. आपला नवा कायदा मुख्यतः पैसे जिंकण्याच्या आशेवर बोट ठेवतो. पेटीतून निघालेला रंग पैशांत मोडता येत नसेल, तर तो जुगार की खरेदी, यावर वकिलांना वर्षानुवर्षं वाद घालता येईल. तोवर नववीतला मुलगा बारावीत गेलेला असेल.

आता आपल्या समाजाकडे येतो. मोबाइल गेम हराम, वेळेची बरबादी, काफिरांची साजिश, असं बयान मी अनेक मस्जिदींत ऐकलं आहे. ऐकणारी पोरं मान खाली घालतात आणि बाहेर पडल्यावर मोबाइल काढतात, कारण सांगणाऱ्यानं गेम पाहिलेला नाही हे त्यांना पहिल्याच वाक्यात कळतं. खरं तर आपल्याकडे याहून धारदार शब्द आहे: मैसिर. कुरआननं सूरह माइदामध्ये दारूच्या जोडीनं ज्याला मनाई केली, तो हा मैसिर. या शब्दाचं नातं 'युस्र'शी, म्हणजे सहज, विनासायास मिळण्याशी जोडलं जातं. मेहनतीशिवाय दुसऱ्याच्या खिशातलं आपल्याकडे यावं, ही ती वृत्ती. हा शब्द घेऊन मिंबरवरून बोला की टीम लावणं मैसिर आहे, पैशांची रमी मैसिर आहे, विकतची पेटी मैसिराची सख्खी बहीण आहे. मग मुलगाही ऐकेल आणि मामाही. पण सगळ्याच गेमना हराम म्हटलं की मैसिर गर्दीत लपतो. त्याला तेच हवं असतं.

आणि साजिशीची गोष्ट निघालीच आहे, तर हेही ऐका. पूर्वी फिफाचे गेम काढणारी, आणि ज्यांच्या पेट्यांवर बेल्जियमनं बोट ठेवलं ती कंपनी म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. सप्टेंबर २०२५ मध्ये ती ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर झाला. घेणाऱ्यांत सगळ्यांत पुढं कोण? सौदी अरेबियाचा सरकारी निधी. २०२४ पासून रियाधला ई-स्पोर्ट्सचा वर्ल्ड कपही भरतो. आपल्या गावातले बाप ज्या देशात घाम गाळतात, त्याच देशाचा पैसा त्यांच्या पोरांच्या मोबाइलमधल्या धंद्यात उतरतो आहे. म्हणून हे भांडण मुसलमान विरुद्ध पाश्चात्त्य असं लावू नका. ते गिऱ्हाईक विरुद्ध धंदा असं आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही गेमची वकिली करता, व्यसनाचं काय? व्यसन खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या यादीत घेतलं. पण त्याची व्याख्या वाचा. त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या कामांपुढे खेळच येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं, असे निकष आहेत. रविवारी तीन तास खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नाही. जो खरोखर अडकला आहे त्याला डॉक्टरकडे न्या, मारू नका. कशेडी घाटात आजवर कितीतरी अपघात झाले. म्हणून मुंबई-गोवा रस्ता बंद केला नाही; कठडे बांधले, पाट्या लावल्या, शेवटी डोंगर फोडून बोगदा काढला. पोरांच्या बाबतीत मात्र आपल्याला रस्ताच बंद करायची घाई असते.

गेमकडे बघायचंच नाही, या हट्टानं आणखी एक नुकसान होतं: त्यात आपल्याला कसं दाखवलंय, हेही कळत नाही. २००९ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये कराची शहर आहे आणि तिथल्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू चालते, एवढं विचारायलाही कोट्यवधींचा गेम बनवणाऱ्यांना कुणी सापडलं नाही. मुसलमान वस्ती म्हणजे वाळू, अरबी अक्षरं आणि बंदूकवाला, एवढंच त्यांना पुरेसं वाटलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच मालिकेतल्या 'व्हॅनगार्ड' मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली. गेम खेळणाऱ्या मुसलमान तरुणांनी ते पाहिलं, आवाज उठवला; कंपनीनं माफी मागितली आणि ती पानं काढली. हे खेळणाऱ्यांनी केलं. न खेळणाऱ्यांना ती पानं दिसलीच नसती. उलट २०२३ चा 'असॅसिन्स क्रीड: मिराज' नवव्या शतकातल्या बगदादमध्ये फिरवतो, बैतुल हिकमतचं दर्शन घडवतो, अरबी संवाद ऐकवतो. सुवर्णयुगावरची भाषणं आपण खूप ऐकली; त्या गल्ल्यांत पोरांना चालवलं ते एका फ्रेंच कंपनीनं.

महाडहून वरंधा घाट चढला की भोर आणि पुढं पुणं. त्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' हा गेम बनवला आणि जगभर पोचवला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं २०२४ मध्ये 'इंडस' आणला. गेम बनवायला प्रोग्रामर लागतो, तसा चित्रकार, संगीतकार, गोष्ट लिहिणारा आणि भाषांतर करणाराही लागतो. आपल्या उर्दू-मराठी शाळांतली मुलं दोन लिप्या, तीन-चार भाषा घेऊन मोठी होतात. पासपोर्ट काढून आखातात जाण्याखेरीज एखादा रस्ता त्यांच्यासमोर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं आहे का?

मागणी फार मोठी नाही. सरकारनं अठरा वर्षांखालच्या मुलांना नशिबाची पेटी विकण्यावर बंदी घालावी आणि बाकीच्यांसाठी शक्यता ठळक अक्षरात छापायला लावावी. पालकांनी मोबाइलच्या ॲप स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावावा, यूपीआय पिन स्वतःपाशी ठेवावा, आणि मुलाला 'किती वेळ खेळलास' याबरोबर 'काय खेळलास, कुणासोबत, त्यात पैसे कुठे मागतात' हेही विचारावं. जमातींनी मैसिरावर बोलावं, नाव घेऊन बोलावं, आणि समोर बसलेल्या मोठ्यांनाही त्यातून सूट देऊ नये.

मुलांना खेळू द्या. त्यांच्या शेजारी बसून एकदा तुम्हीही खेळा. जुगार कुठे सुरू होतो ते तुम्हाला दिसेल. त्या जागेवर बोट ठेवून 'इथून पुढं नाही' असं तुम्ही म्हणालात, तर मुलगा ऐकेल, कारण तुम्ही खेळलेले असाल.